ओरिएंटिअरिंग म्हणजे काय? निगडीची टेकडी आणि गावठाण या खेळाचं मैदान होऊ शकतं का?

हातात नकाशा आणि होकायंत्र. समोर कधीही न पाहिलेली जागा. नकाशावर दाखवलेल्या खुणा ठरलेल्या क्रमाने शोधायच्या आणि सगळ्यांत आधी परत यायचं. या खेळाला 'ओरिएंटिअरिंग' म्हणतात.

२०२५ साली फिनलंडमधल्या कुओपिओच्या जंगलात या खेळाचं जागतिक अजिंक्यपद झालं. २०२६चा मान इटलीतल्या जेनोवा शहराचा, जुलै महिन्यात. तिथे झाडं नाहीत, जुन्या शहराचे अरुंद बोळ आणि पायऱ्या आहेत. २०२७ला पुन्हा जंगल, नॉर्वेत.

एक वर्ष रान, एक वर्ष शहर. निगडीत मात्र या दोन्ही प्रकारच्या जागा काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. एकीकडे दुर्गा टेकडी, दुसरीकडे जुनं गावठाण आणि प्राधिकरणाचे सेक्टर. मग हा खेळ इथे का दिसत नाही? जागेची अडचण नाही. अडचण नकाशाची आहे.

खेळ नेमका कसा चालतो?

धावपटूला नकाशा सुरुवातीच्या क्षणीच मिळतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तिथून सुरुवात. वर्तुळं म्हणजे शोधायच्या जागा, त्यांना 'कंट्रोल' म्हणतात. दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. प्रत्यक्ष जागेवर कंट्रोलपाशी पांढऱ्या-केशरी रंगाचा, प्रत्येक बाजूला ३० सेंटीमीटरचा त्रिकोणी कंदिलासारखा झेंडा टांगलेला असतो. बोटाला लावलेली इलेक्ट्रॉनिक चिप तिथल्या यंत्राला लावली की नोंद होते.

कंट्रोलचा क्रम ठरलेला असतो, पण दोन कंट्रोलमधली वाट ठरलेली नसते. ती ज्याची त्याने शोधायची. टेकडी चढून सरळ जायचं, की वळसा घालून सपाटीने? हा निर्णय धावता धावता घ्यायचा असतो. त्यामुळे सगळ्यांत जोरात पळणारा जिंकेलच असं नाही. जीपीएसचं घड्याळ घातलं तरी त्यावर नकाशा पाहून वाट शोधायला परवानगी नसते.

मोठ्या स्पर्धांत आणखी एक कडक नियम आहे. स्पर्धेची जागा आधीच जाहीर करून खेळाडूंना तिथे जायला बंदी घातली जाते. जागा ओळखीची असेल तर नकाशा वाचायची गरजच उरणार नाही.

सुरुवात कुठून झाली?

स्वीडनच्या लष्करातून. अनोळखी मुलूख नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने पार करण्याच्या सरावासाठी १८८६ मध्ये हा शब्द तिथे वापरात आला. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत ओस्लोजवळ सर्वसामान्यांसाठी स्पर्धा झाली, त्यात अवघे आठ जण धावले. १९१९ मध्ये अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्याने स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि खेळाला आजचं रूप येऊ लागलं. १९६१ मध्ये दहा देशांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. पहिलं जागतिक अजिंक्यपद १९६६ साली फिनलंडमध्ये झालं. आज महासंघात ७०हून अधिक देश आहेत. ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ अजून नाही.

भारतात या खेळाच्या सर्वांत जवळचं शिक्षण एनसीसीत मिळतं. नकाशावाचन, सांकेतिक खुणा, होकायंत्राने दिशा काढणं हे सगळं एनसीसीच्या अभ्यासक्रमात आहे. म्हणजे निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांतून एनसीसी केलेल्या कित्येकांना या खेळाचा निम्मा भाग आधीच येतो. फक्त तो कधी पळत केलेला नसतो.

जंगल आणि शहर वेगळं का केलं?

कारण दोन्हींत कस वेगळ्या गोष्टींचा लागतो.

जंगलातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुरुष विजेत्यालाही दीड तासाच्या आसपास लागतो. तिथे चूक झाली की माणूस खरोखर हरवतो, आणि पुन्हा वाटेवर यायला कित्येक मिनिटं जातात. शहरातली स्प्रिंट १२ ते १५ मिनिटांत संपते. तिथे कोणी हरवत नाही, पण एक बोळ आधी वळलं की दहा सेकंद गेली, आणि दहा सेकंदांत पदक जातं.

२०१९पासून जागतिक अजिंक्यपद विभागलं गेलं. विषम वर्षी जंगल, सम वर्षी शहर. कोविडमुळे २०२०ची स्पर्धा झाली नाही, त्यामुळे फक्त शहरी प्रकारांचं पहिलं अजिंक्यपद २०२२ मध्ये डेन्मार्कला भरलं. जंगलात लांब पल्ला, मध्यम पल्ला आणि रिले असतात. शहरात स्प्रिंट, बाद फेऱ्यांची स्प्रिंट, आणि दोन स्त्रिया व दोन पुरुष अशा चौघांची मिश्र रिले.

निगडीत हे कसं दिसेल?

आधी दुर्गा टेकडी. ओरिएंटिअरिंगच्या नकाशात रंगांचा अर्थ आपल्या सवयीपेक्षा वेगळा असतो. आपण जंगल म्हटलं की हिरवा रंग धरतो. इथे मोकळेपणाने पळता येईल असं जंगल पांढरं दाखवतात. झाडी जितकी दाट, तितका हिरवा गडद. उघडं माळरान पिवळं, पाणी निळं, चढ-उतार तपकिरी, खडक आणि बांधकाम काळं. म्हणजे रंग झाडं सांगत नाही, पळण्याचा वेग सांगतो.

इथेच सह्याद्रीच्या बाजूची एक खास अडचण येते. मे महिन्यात जिथे सहज पळता येतं, तिथेच ऑगस्टमध्ये गवत कमरेला लागतं. युरोपातला नकाशा काही वर्षं तसाच वापरता येतो. आपल्याकडच्या टेकडीला पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन नकाशे लागतील.

आता शहर. वरवर पाहता प्राधिकरण या खेळाला जास्त सोयीचं वाटेल. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखून वसवलेला भाग, रुंद रस्ते, काटकोनातल्या गल्ल्या. पण स्प्रिंटसाठी हाच दोष ठरतो. समजा, पुढचा कंट्रोल चार गल्ल्या पूर्वेला आणि तीन गल्ल्या उत्तरेला आहे. उलटं न फिरता तुम्ही कुठेही वळा, अंतर तेवढंच भरतं. वाट निवडण्यात अर्थच उरत नाही, उरते फक्त पळापळ.

याउलट गावठाणात गल्ली कुठे वळेल, कुठे बंद होईल, हे नकाशा नीट वाचल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या बोळात शिरलं की परत मागे फिरावं लागतं. म्हणूनच जेनोवासारखी जुनी शहरं या खेळाला आवडतात. आखीव शहर राहायला सोपं, पण खेळायला जुनंच गाव चांगलं.

भक्ती-शक्ती चौक हे तिसरं उदाहरण. वर उड्डाणपूल, मध्ये गोल चौक, खाली भुयारी मार्ग. कागद सपाट असतो आणि जागा तीन मजली. असा चौक नकाशात स्पष्ट दाखवणं हे नकाशा बनवणाऱ्यांसाठी अवघड काम मानलं जातं. शिवाय वाहती वाहतूक असलेल्या जागी शर्यत नेतही नाहीत.

मग अडतं कुठे?

नकाशावर. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असतो. त्यात एका सेंटीमीटरमध्ये अर्धा किलोमीटर मावतो, म्हणजे दुर्गा टेकडी अंगठ्याखाली झाकली जाईल. ओरिएंटिअरिंगला जंगलासाठी १:१५,००० किंवा १:१०,००० आणि शहरासाठी १:४,०००चा नकाशा लागतो. शेवटच्या प्रमाणात एक सेंटीमीटर म्हणजे फक्त ४० मीटर. त्यात पायऱ्या, कुंपण, एकेकटं झाडही दिसतं. फोनवरच्या नकाशात रस्ते आणि दुकानं असतात, पण कोणती भिंत ओलांडता येते आणि कोणती नाही, हे नसतं.

असा बारीक नकाशा खासगीरीत्या बनवणं भारतात बराच काळ परवानग्यांमध्ये अडकलेलं होतं. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे बनवण्यासाठी आधी परवाना किंवा मंजुरी घ्यावी लागत नाही. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा नकाशाही त्यांना बनवता येतो.

याचा अर्थ काहीही टिपा, असा नाही. संवेदनशील जागांची ओळख नकाशावर देता येत नाही. निगडीच्या शेजारीच देहूरोड कँटोन्मेंट आणि तिथला लष्करी डेपो आहे. ती हद्द खेळापासून लांबच ठेवावी लागेल.

खासगी जागेसाठी खेळाचे स्वतःचे नियम आहेत. स्प्रिंटच्या नकाशात मेंदी रंग म्हणजे प्रवेश बंद. अशा जागेतून गेलेला किंवा न ओलांडण्याची भिंत ओलांडलेला खेळाडू बाद होतो. आपल्या शहरात हा रंग बराच लागेल, कारण सोसायट्यांना कुंपणं आहेत. नकाशात गेट उघडं दाखवलं आणि शर्यतीच्या दिवशी ते बंद निघालं, तर तिथे अडकलेल्यांवर अन्याय होतो. त्यामुळे आयोजकांना आदल्या दिवशी प्रत्येक गेट पाहून यावं लागतं.

सुरुवात करायची असेल तर?

'ओपनओरिएंटिअरिंग मॅपर' हे नकाशे काढण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. 'मॅपरन' या ॲपवर झेंडे न टांगताही कंट्रोल ठेवता येतात. तुम्ही त्या जागी पोहोचलात की फोन नोंद करतो. टेकडीवर स्पर्धा भरवायची असेल तर महापालिकेची परवानगी लागेल.

एकट्याने सराव करायला तर काहीच लागत नाही. ओळखीच्या बागेचा नकाशा कागदावर काढा आणि तो हातात धरून चाला. वळलात की नकाशाही असा फिरवा, की कागदावरची उत्तर नेहमी खऱ्या उत्तरेकडे राहील. अंगठा तुम्ही आहात त्या जागी ठेवा आणि पुढे जाल तसा सरकवा. जगज्जेतेही हेच करतात. फोन खिशात राहू द्या, घरी परतल्यावर तुमचा नकाशा कुठे चुकला हे तपासायला तो उपयोगी पडेल.