मयत, वारस आणि इतर हक्क

खेड तालुक्यातील कुरुळी हे पुणे–नाशिक मार्गावरील गाव. निघोजे, म्हाळुंगे या शेजारगावांप्रमाणे तेथील जमीनही चाकण औद्योगिक क्षेत्रात गेली. आणि घरातील मृत्यूनंतर ज्या कागदाची निकड पूर्वी वर्षानुवर्षे कोणास भासत नसे, त्याच्याशी आता भूसंपादनाचा मोबदला निगडित झाला. वारसाचा फेरफार तो हा. त्याच्या भाषेचा येथे विचार करावयाचा आहे.

माणूस घरात ‘वारतो’, दप्तरात ‘मयत’ किंवा ‘फौत’ होतो. ‘वारस’ या शब्दाचा ‘वारणे’शी ध्वनिसाम्यापलीकडे संबंध नाही, मयत व फौत यांप्रमाणे तोही मूळचा अरबी, फारसी दप्तरातून मराठीत रुळलेला. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दप्तरी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. 1966 च्या जमीन महसूल संहितेने ‘अधिकार अभिलेख’ रूढ करू पाहिला. 2024 मध्ये तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला. मयत मात्र मयतच राहिला.

संहितेच्या कलम 149 अन्वये वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. वारसांची नावे गाव नमुना 6-क मध्ये चढतात आणि चौकशीअंती फेरफाराने सातबाऱ्यावर येतात.

ती कोणत्या रकान्यात येतात, हा खरा प्रश्न. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवा व मुली यांना मुलांच्या बरोबरीने प्रथम वर्गातील वारस ठरविले. असे असूनही पुष्कळ उताऱ्यांत मुलगे कब्जेदार सदरी, तर आई व बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात, सोसायटीच्या बोजाशेजारी आढळतात. कित्येकदा तेवढेही नसते. थोरल्या भावाच्या नावापुढे केवळ ‘ए.कु.मॅ.’ असते. एकत्र कुटुंब मॅनेजर! संक्षेप सामान्यतः लेखनिकाच्या सोयीसाठी असतो. या तीन अक्षरांत मात्र सबंध भावंडे लोपली आहेत. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी, असे कलम 157 सांगते. म्हणजे पुराव्याचा भार जिचे नाव गळले तिच्यावरच पडतो.

1 एप्रिल 2025 पासून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची मोहीम राज्यभर सुरू झाली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. विशेषण माणसास नव्हे, कागदास लागले आहे. या फेरफारांत विधवेचे नाव कोणत्या सदरी उतरले, हे उतारे ताडूनच पाहावे लागेल.