कठीण कशास म्हणावें?

नित्याच्या व्यवहारांत जे शब्द आपणांस सर्वांत सोपे वाटतात, त्यांचीच व्याख्या करण्याचा प्रसंग आला म्हणजे मोठी पंचाईत होते. ‘कठीण’ हा अशांपैकींच एक शब्द होय. दगड कठीण, लोखंड कठीण, परीक्षेंतील प्रश्न कठीण, आलेला प्रसंग कठीण. आणि ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, तें पाणीहि पाठ्यपुस्तकांच्या भाषेंत कठीणच. इतक्या भिन्न वस्तूंस एकच विशेषण लागूं पडतें, त्या अर्थीं त्या सर्वांच्या ठायीं एखादा समान गुण वसत असलाच पाहिजे, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें ही समजूत फसवी आहे. इतकेंच नव्हे, तर एका लहानशा विषयांत कां होईना, तिनें विद्वानांस सुमारें दीड हजार वर्षें अंधारांत ठेविलें. तो इतिहास मनोरंजक आहे. आणि आज मराठींतून शास्त्र शिकविणारांस व शिकणारांस तो उद्बोधकहि वाटेल.

हिऱ्याचें उदाहरण घेऊं. ग्रीक भाषेंत हिऱ्यास ‘अदमास’ म्हणत. त्याचा अर्थ ‘अजिंक्य’. संस्कृतांत त्यास ‘वज्र’ म्हणतात; आणि वज्र हें इंद्राचें आयुध, ज्याच्या आघातापुढें पर्वतहि टिकत नाहींत. दोन दूरच्या देशांतील लोकांनीं एकाच दगडास अशीं नांवें दिलीं, यांत त्या दगडाविषयींचा आदर दिसतो. परंतु नांव एकदां रूढ झालें कीं तें आपल्या पोटांतील अर्थ वस्तूवर लादूं लागतें. जें अजिंक्य तें कोणापुढेंहि हरतां कामा नये. मग घणापुढें तरी कसें हरेल? रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आपला सृष्टीविषयींचा जो प्रचंड कोश रचिला, त्यांत हिऱ्याची परीक्षा सांगितली आहे ती अशी : हिरा ऐरणीवर ठेवून त्यावर घाव घालावा, खरा हिरा असेल तर घणच फुटेल, प्रसंगीं ऐरणहि दुभंगेल. मात्र बोकडाच्या ताज्या व ऊन रक्तांत भिजविला असतां हिरा नरम पडतो, असेंहि तो सांगतो. प्लिनीच्या मागून आलेल्या युरोपांतील पंडितांनीं शतकानुशतकें हें वचन एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेतलें. या परीक्षेंत जो हिरा उतरविला जाई, त्याचे तुकडे होत. आणि हिरा खोटा होता असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होत! ज्या परीक्षेंत खरा व खोटा दोघेहि फुटतात, ती परीक्षा चुकीची आहे ही शंका शब्दप्रामाण्यानें बांधलेल्या मनास शिवली नाहीं.

आपल्याकडील रत्नशास्त्राचा विचार केला तर एक वेगळी गोष्ट दिसते. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षा’ या ग्रंथांत हिऱ्याचें लक्षण सांगतांना म्हटलें आहे कीं, पृथ्वीवरील इतर रत्नांवर व धातूंवर हिऱ्यानें ओरखडा उठतो. त्यांपैकीं कोणाचाहि ओरखडा हिऱ्यावर उठत नाहीं. येथें प्रश्न घावाचा नसून ओरखड्याचा आहे, आणि हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. रत्नें पारखणें हा ज्यांचा धंदा, त्यांस घण चालवून माल फोडणें परवडण्यासारखें नव्हतें. त्यांनीं जी कसोटी धरली तीच पुढें, जवळजवळ याच स्वरूपांत, शास्त्रानें स्वीकारली.

प्लिनीच्या समजुतीस जें खणखणीत उत्तर मिळालें, तें मात्र गोव्यांत लिहिलें गेलें. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला व गोव्यांत स्थायिक झाला. मुंबई बेटहि कांहीं काळ त्याजकडे खंडानें होतें. १५६३ सालीं गोव्यांतच छापून निघालेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथांत हिंदुस्थानांतील वनस्पती व औषधें यांबरोबर हिऱ्याचाहि विचार आला आहे. तेथें तो स्वच्छ सांगतो कीं, हिरा हातोडीनें फुटतो. लोखंडी खलांत कुटून त्याची पूड करतां येते, आणि त्याच पुडीनें दुसरे हिरे घासले जातात. बोकडाच्या रक्ताची कथाहि त्यानें निकालांत काढली आहे. ओर्ताची विद्वत्ता मोठी होती यांत शंका नाहीं. परंतु येथें त्याच्या उपयोगीं पडला तो ग्रंथांचा सांठा नव्हे. हिऱ्यांचा व्यापार ज्या देशांत प्रत्यक्ष चालत होता तेथें तो राहत होता, आणि त्या व्यापारांतल्या लोकांचें म्हणणें ऐकण्याइतका विनय त्याच्या अंगीं होता, हें त्याच्या यशाचें खरें कारण होय.

हिरा फुटतो कां, हें आज आपण सांगूं शकतों. त्याच्या घडणींत कांहीं विशिष्ट पातळ्या अशा आहेत कीं, त्यांच्या रोखानें आघात झाला असतां तो सरळ चिरला जातो. १९०५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत कलिनन नांवाचा ३१०६ कॅरटांचा हिरा सांपडला. तो १९०८ सालीं आम्स्टरडॅम येथें जोसेफ ॲशर यानें पात्यावर ठोका देऊन दुभंगविला. जगांतील सर्वांत कठीण पदार्थाचा सर्वांत मोठा खडा माणसाच्या हातच्या ठोक्यानें फुटला! उलट नेफ्राइट या जातीचा जेड हा दगड घ्या. त्याजवर गारेनें सहज ओरखडा उठतो. पण त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात कीं, घावास तो हिऱ्याहून पुष्कळच अधिक दाद देत नाहीं. यांपैकीं अधिक कठीण कोण? ‘कशाला?’ असें विचारल्यावांचून या प्रश्नास उत्तर नाहीं.

आमच्या खेड्यांतील लोहारास हें सांगावें लागत नाहीं. कोयत्यास पाणी देतांना तें अधिक झालें तर धार कडक होते, पण गांठीवर बसतांच तिचा टवका उडतो. कमी झालें तर धार वळते. म्हणून तो पातें तापवून पाण्यांत बुडविल्यावर पुन्हां थोडें ऊन करून त्याचा कडकपणा उतरवितो. त्याच्या बोलण्यांत ‘कडक’, ‘चिवट’, ‘ठिसूळ’, ‘मऊ’ हे शब्द कधींहि एकमेकांच्या जागीं येत नाहींत. कडक तें ठिसूळ असूं शकतें, मऊ तें चिवट असूं शकतें, हें त्याच्या भाषेंतच नोंदलेलें आहे. प्लिनीच्या अनुयायांनीं जो भेद हरविला, तो या निरक्षर म्हटल्या जाणाऱ्या कारागिरानें जपून ठेविला होता.

अर्वाचीन शास्त्राचा या बाबतींतला इतिहास म्हणजे एका शब्दाचे अनेक क्रियांत झालेलें पृथक्करण होय. १६९० सालीं हायगेन्स यानें प्रकाशावरील आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, कॅल्साइटच्या एकाच पृष्ठावर सुरी एका दिशेनें ओढली तर सहज ओरखडा उठतो, उलट दिशेनें उठत नाहीं. म्हणजे एकाच दगडाचें काठिन्यहि दिशेप्रमाणें बदलतें. हिऱ्यानें हिरा घासतां येतो, त्याचें रहस्य हेंच. पुडींतील कणांचीं तोंडें सर्व दिशांस असतात, आणि त्यांपैकीं कांहींचा कठीण रोख समोरच्या हिऱ्याच्या नरम रोखावर पडतो. १७२२ सालीं रेओम्यूर यानें पोलादाची परीक्षा करण्यासाठीं खनिजांची एक क्रमवार माळ वापरली. पुढें १८१२ च्या सुमारास फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें दहा खनिजांची सुप्रसिद्ध श्रेणी बसविली. शंखजिरें पहिलें, स्फटिक म्हणजे गार सातवी, पुष्कराज आठवा, माणिक व नीळ ज्या जातीचे तें कुरुविंद नववें, आणि हिरा दहावा. वरच्यानें खालच्यावर ओरखडा उठावा, एवढाच तिचा नियम. मात्र हे आंकडे मापाचे नसून रांगेंतील क्रमांक आहेत. नववा व दहावा यांत एका अंकाचें अंतर दिसतें. पण प्रत्यक्ष मापलें असतां हिऱ्याचें काठिन्य कुरुविंदाच्या सुमारें चौपट भरतें.

कारखानदारास रांगेपेक्षां माप हवें असतें. स्वीडनमधील ब्रिनेल या इंजिनियरानें १९०० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आपली पद्धति मांडली. दहा मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ठराविक भारानें, पोलादासाठीं ३००० किलोग्रॅमनें, धातूवर दाबावयाची आणि उमटलेल्या खळग्याच्या क्षेत्रफळानें भारास भागावयाचें. येथें ओरखडा जाऊन दाब आला. त्याच दशकांत अमेरिकेंत शोअर यानें तिसराच मार्ग काढला : लहानशी हातोडी उंचावरून पाडावी व ती किती उसळते तें पाहावें. परंतु रबरावर ती हातोडी चांगलीच उसळते. म्हणून एवढ्यावरून रबरास पोलादाचा सोबती ठरवावयाचें काय? जें यंत्र आपण वापरतों, तेंच ‘कठीण’ या शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ ठरवितें, हें येथें स्पष्ट होतें.

घन पदार्थांच्या बाहेर हा शब्द गेला तेव्हां तर त्याचें रूप पुरतेंच पालटलें. पाण्याच्या काठिन्याचें माप स्कॉटलंडमधील टॉमस क्लार्क यानें १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत साबणाच्या द्रावणावरून ठरविलें. टिकाऊ फेंस येण्यापूर्वीं जितका साबण खर्ची पडेल, तितकें पाणी कठीण. कारण पाण्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणास निकामी करतात. १८९५ सालीं राँटगेन यानें क्ष-किरणांचा शोध लाविल्यावर त्यांतहि कठीण व मऊ असे भेद झाले, आणि येथें अर्थ जवळजवळ उलटा झाला. जो अडवितो तो दगड कठीण. पण जो अडत नाहीं, मांस व हाड भेदून पार जातो, तो किरण कठीण!

यावर कोणी म्हणेल कीं, हे सारे वरवरचे भेद आहेत. पदार्थाच्या अंतरंगांत शिरल्यावर एकच कारण हातीं लागेल. घन पदार्थांपुरतें यांत तथ्य आहे. १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, धातु वांकते ती तिच्या स्फटिकांतील अणूंच्या ओळींत राहिलेले दोष सरकतात म्हणून. हे दोष अडवून धरले कीं धातु कडक होते. १९५१ सालीं टेबर यानें धातूंच्या काठिन्यावरील ग्रंथांत दाबाच्या मापाचा धातूच्या बळाशीं असलेला संबंधहि नीट विशद केला. परंतु ही स्पष्टता लाभली ती, ‘कठीण’ या एका शब्दामागें धांवणें सोडून प्रत्येक क्रियेचा निरनिराळा विचार केल्यावर. कारणांची एकता शब्दाच्या एकतेवरून गृहीत धरतां येत नाहीं. ती सिद्ध करावी लागते.

या सर्व शाखांत समान काय राहिलें म्हणाल, तर कोणी कांहीं करूं पाहतो व त्यास सहजासहजीं यश येत नाहीं, एवढेंच. गणित कठीण म्हणतांना आपण हेंच म्हणत असतों, आणि तेंहि गणितापेक्षां तें सोडविणाराविषयीं अधिक. व्यवहारास एवढा अर्थ पुरतो, व व्यवहाराच्या भाषेस दोष देण्याचें कारण नाहीं. घोटाळा होतो तो शास्त्राच्या वर्गांत. ‘हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ होय’ हें वाक्य पाठ केलेल्या किती विद्यार्थ्यांस तो हातोडीनें फुटतो हें ठाऊक असेल? जो विद्यार्थी ‘फुटत नाहीं’ असें उत्तर देईल, तो मूर्ख नव्हे. तो प्लिनीचा वारस आहे, आणि तो वारसा आम्हां शिक्षकांच्या अर्धवट वाक्यानेंच त्यास दिला. ‘ओरखड्यास सर्वांत कठीण’ असें म्हणण्यास एकच शब्द अधिक लागतो.

मराठींत शास्त्रीय परिभाषा घडविणारे बहुधा इंग्रजी शब्द समोर ठेवून त्यास एक संस्कृत प्रतिशब्द देतात, आणि इंग्रजींत जेथें जेथें तो शब्द येईल तेथें तेथें हा बसवितात. त्यामुळें इंग्रजीचा गोंधळ जसाच्या तसा आपल्या घरीं येतो. आणि टणक, कडक, राठ, निबर, चिवट, ठिसूळ ही लोहाराची, सुताराची व शेतकऱ्याची सूक्ष्म शब्दसंपत्ति दाराबाहेर उभी राहते. परभाषेंतून ज्ञान घ्यावें, अवश्य घ्यावें. पण त्या ज्ञानासाठीं शब्द निवडतांना कोशाआधीं ऐरणीकडे जावें. गोव्याच्या त्या वैद्यानें हिऱ्याविषयीं जें सत्य जाणलें, तें ‘अजिंक्य’ या शब्दाचा अर्थ उलगडून नव्हे, तर हिऱ्याची पूड करणाऱ्या हातांकडे पाहून.