अप्रगामी तरंग गुणोत्तर (एसडब्ल्यूआर)

हौशी रेडिओ केंद्रात प्रेषक व अँटेना जोडणाऱ्या केबलवरील कमाल व किमान व्होल्टतेचे गुणोत्तर. अँटेनाचा संरोध केबलच्या लाक्षणिक संरोधाशी जुळला नाही, तर काही शक्ती परावर्तित होऊन केबलवर अप्रगामी तरंग निर्माण होतात. ५० ओहमच्या समाक्ष केबलला १०० ओहमचा रोधक जोडल्यास गुणोत्तर २:१ येते, सु. ११ टक्के शक्ती परतते. साध्या मापकात आधी पुढे जाणाऱ्या तरंगावर काटा पूर्ण मापापर्यंत आणतात, मग कळ परावर्तित बाजूस फिरवून गुणोत्तर वाचतात. मापन शक्यतो अँटेनाजवळ करावे, कारण केबलमधील क्षयामुळे परतणारा तरंग दुबळा होतो. एकेरी क्षय ३ डेसिबल असलेल्या केबलपासून अँटेना पूर्ण सुटलेली असली, तरी प्रेषकाजवळचा मापक सु. ३:१ एवढेच दाखवतो.