दान केलेल्या गणनेची वीज

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरसारख्या, हिंजवडीच्या नोकरदारांनी भरलेल्या उपनगरात एखाद्याने जुना सर्व्हर स्वस्तात घेऊन त्याची शक्ती विज्ञानाला द्यायची ठरवली, तर त्याने प्रोसेसरचा वेग पाहण्याआधी त्याची विजेची भूक पाहावी, असे माझे मत आहे. स्वेच्छेने गणनशक्ती देण्याची चाल रुजली ती मात्र उलट समजुतीवर. बर्कली विद्यापीठाचा ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प 17 मे 1999 रोजी सुरू झाला, तेव्हा घरातला संगणक रिकामा असतानाही आजच्या मानाने बरीच वीज खात असे. त्या रिकाम्या वेळात परग्रहावरच्या संदेशांचा शोध चालवणे म्हणजे वाया जाणारे सत्कारणी लावणेच होते. आजचा प्रोसेसर काम नसताना जवळजवळ झोपतो आणि पूर्ण ताणाखाली अनेक पटींनी जास्त वीज ओढतो. म्हणजे जे तेव्हा उरलेले होते, ते आता मुद्दाम विकत घेऊन द्यावे लागते. आणि महाराष्ट्रात त्या विजेचा मोठा वाटा कोळशातून येतो.

पुण्याचा गणनेचा इतिहास नेमका याच बदलाचा साक्षीदार आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यानंतर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. तेव्हा चिंता एकच होती, वेग मिळेल का? ती रास्तही होती, कारण दार बंद झालेल्या देशाला विजेच्या बिलाची काळजी करण्याची चैन परवडणारी नव्हती. नोव्हेंबर 2007 मध्ये टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा पुण्यातला ‘एका’ हा महासंगणक 117.9 टेराफ्लॉप्सच्या वेगाने महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. तो आनंद खरा होता. पण त्याच महिन्यात ‘ग्रीन 500’ ही दुसरी यादी पहिल्यांदा निघाली आणि तिने वेगाला वॅटने भागले. पुढे 132.8 टेराफ्लॉप्सपर्यंत पोचलेल्या ‘एका’ची नोंद 786 किलोवॅट अशी आहे, म्हणजे दर वॅटमागे सुमारे 169 मेगाफ्लॉप्स. ‘ग्रीन 500’च्या पहिल्या यादीत अग्रभागी असलेला ब्लू जीन/पी हा महासंगणक दर वॅटमागे 357 मेगाफ्लॉप्स देत होता. सी-डॅकने 2013 मध्ये ‘परम युवा 2’ आणला, तेव्हा वेग आधीच्या सुमारे दहापट आणि वीज 35 टक्के कमी, हे दोन्ही आकडे बरोबरीने जाहीर केले. पाच-सहा वर्षांत अभिमानाचे मापच बदलले होते.

हे मापांतर कोणाच्या सद्भावनेतून आले नाही. साधारण 2005 पर्यंत ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारा विद्युतदाब घटत असे, म्हणून वेग वाढला तरी उष्णता आवाक्यात राही. ते थांबले आणि घड्याळाचा वेग वाढवण्याऐवजी कोअर वाढवणे भाग पडले. ‘एका’मधल्या चार कोअरच्या 3 गिगाहर्ट्झ झिऑन प्रोसेसरांचा कागदावरचा कमाल वेग एकूण 172.6 टेराफ्लॉप्स होता. 2019 च्या एएमडी एपिक 7742 मध्ये 64 कोअर आहेत, नेमलेली वीज 225 वॅट. असे जेमतेम 75 प्रोसेसर तेवढा कमाल वेग गाठतात आणि स्वतःपुरती सुमारे 17 किलोवॅट वीज घेतात. स्मृती, जोडण्या, थंडावा यांची वीज वर धरावी लागेल, तरी 786 किलोवॅटपासूनची दरी कितीतरी मोठीच राहते.

घरातही हेच गणित लागू होते. 2012 चे दोन झिऑन ई5-2670 घातलेला सर्व्हर म्हणजे 16 कोअर आणि 230 वॅटचे प्रोसेसर. सगळे धरून 300 वॅट मानू. महिन्याला 216 युनिट, आणि महावितरणच्या चढत्या दरांत ते वरच्या टप्प्यातले. एक एपिक 7742 असलेली यंत्रणा जवळपास तेवढीच वीज घेऊन 64 कोअर चालवते. कागदावर काम सुमारे सातपट. कागदावर म्हणायचे कारण आहे. ज्या आज्ञावलीला रुंद सदिश सूचना, म्हणजे एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना, वापरता येत नाहीत, तिला एवढा लाभ मिळणार नाही. शिवाय एकाच वेळी 64 कामे चालवायची तर स्मृती पुरली पाहिजे. कॅशची बाजू मात्र नव्याकडेच झुकते: 7742 मध्ये कोअरमागे 4 एमबी, ई5-2670 मध्ये 2.5.

नवे यंत्र घडवायलाही ऊर्जा, पाणी, खनिजे लागतात, मग चालू यंत्र भंगारात का टाकायचे, हा आक्षेप वजनदार आहे. जे यंत्र आठवड्यातून काही तास चालते, तिथे तो मला पटतो. पण 24 तास चालणारा जुना सर्व्हर वर्षाला सुमारे 2,600 युनिट खातो, आणि नव्याने वर्षात केलेले काम करायला त्याला कागदावर सात वर्षे, म्हणजे 18,000 हून अधिक युनिट लागतील. त्या फरकापुढे घडणीचा भार लहान ठरतो. दुसरा युक्तिवाद उष्णतेचा: थंड देशांत संगणकाची ऊब खोली तापवते, म्हणून ती वीज वाया जात नाही. पुण्यात एप्रिलमध्ये तीच ऊब बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. तिकडचा हिशेब इकडे जसाच्या तसा आणणे चूक आहे.

पैशांचा आक्षेप मात्र मी मान्य करतो. एपिकचा सर्व्हर प्रत्येकाला परवडणार नाही. त्याने घरातला तुलनेने नवा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप वापरावा आणि घड्याळाचा वेग थोडा उतरवावा. वेगासोबत विद्युतदाबही उतरतो आणि वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे थोडे काम गमावून बरीच वीज वाचते. ‘आइन्स्टाइन ॲट होम’सारख्या प्रकल्पाला हे चालते. 2005 पासून तो फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधतो. त्यातले कामाचे तुकडे एकमेकांवाचून सुटतात, त्यामुळे एखादा तासभर उशिरा आला तरी दुसऱ्याचे काही अडत नाही. गुरुत्वीय लहरींच्या शोधपद्धतींवर पुण्यातल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी दीर्घकाळ मूलभूत काम केले आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. या विषयाशी पुण्याचे आणि महाराष्ट्राचे नाते असे जवळचे आहे. त्याला हातभार जरूर लावावा, पण पिंपळे सौदागरच्या देणाऱ्याने आधी प्लगला वॅटमीटर लावावा, पूर्ण झालेल्या कामांची संख्या युनिटने भागावी आणि जुना सर्व्हर आणि घरातला नवा संगणक यांपैकी कोणते यंत्र चालू ठेवायचे ते त्या आकड्यावर ठरवावे.