ब्याऐंशी वर्षे न विचारलेला प्रश्न

एखाद्या जीवशास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांची यादी चाळताना आधी माशीच्या अंडाशयाची घडण, मग कीटकांच्या पेशींत राहणारे जीवाणू आणि शेवटी मूलपेशी असे विषय ओळीने दिसले, तर गृहस्थ कुठल्याच एका विषयात रमले नाहीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. होरासिओ फ्रिडमन यांची यादी काहीशी अशीच आहे. २००१ मध्ये ॲलन स्प्रॅडलिंग यांच्यासोबत त्यांनी फळमाशीच्या अंडाशयातील पेशींच्या मांडणीवर लिहिले. २००६ मध्ये प्रिन्स्टनच्या एरिक विशाउस यांच्यासह प्रसिद्ध केलेला निबंध वोल्बाकिया या जीवाणूवर होता. २०११ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून आलेल्या निबंधात तोच जीवाणू मूलपेशींच्या विभाजनाचा वेग वाढवतो, असा निष्कर्ष होता. या प्रवासाला विषयांतर म्हणणे मला पटत नाही. फ्रिडमन एकाच अवयवापाशी टिकून राहिले. त्या अवयवाची वाटणी वेगवेगळ्या शास्त्रांनी आपसात करून घेतली होती. ती वाटणी कशी झाली आणि तिची किंमत काय पडली, याचा इतिहास पाहिला की अशा कारकिर्दीचे मोल कळते.

या इतिहासाची सुरुवातही बॉस्टनमध्येच होते. १९२४ मध्ये हार्वर्डच्या मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक यांनी कीटकांमधील रिकेट्सियासारख्या सूक्ष्मजीवांची पाहणी प्रसिद्ध केली. वोल्बाक हे टायफस तापाचे अभ्यासक होते आणि पाहणीमागचा हेतूही वैद्यकीय होता: उवा-गोचिडांतून माणसाला होणाऱ्या आजारांच्या जंतूंचे भाऊबंद आणखी कुठे आहेत, हे शोधायचे होते. क्युलेक्स पिपियन्स या घरगुती डासाच्या प्रजननसंस्थेत असे जंतू सापडले. १९३६ मध्ये हर्टिग यांनी सहकाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांना वोल्बाकिया पिपिएन्टिस हे नाव दिले. पण या जंतूमुळे माणसाला काही होत नव्हते, डासही आजारी दिसत नव्हता. रोगाच्या शोधात निघालेल्या शास्त्राला निरुपद्रवी पाहुण्यात रस उरला नाही, आणि वोल्बाकिया कित्येक दशके कीटकशास्त्राच्या अडगळीत पडून राहिला.

दरम्यान डासांच्या संकराचा अभ्यास करणाऱ्यांपुढे वेगळेच कोडे होते. जर्मनीतील हान्स लावेन यांना आढळले की एका ठिकाणचे क्युलेक्स नर आणि दुसऱ्या ठिकाणच्या माद्या यांच्या मीलनातून आलेली अंडी उबतच नाहीत, आणि हा दोष आईकडून वारशाने येतो. १९६७ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशातील रंगूनजवळच्या ओक्पो गावात असे विसंगत नर सोडून तिथल्या डासांची पैदास संपवून दाखवली. प्रयोग यशस्वी झाला, पण अंडी का मरतात याचे खरे कारण अजून कोणाच्या हाती लागले नव्हते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनिस येन आणि राल्फ बार यांनी हे काम वोल्बाकियाचे असल्याचे मांडले. टेट्रासायक्लिन देऊन जीवाणू काढून टाकले की विसंगती नाहीशी होते, हा त्याचा पुरावा. जंतू सापडला तो डास आणि कोडे पडले तो डास एकाच कुळातले होते, तरी दोन्ही नोंदी एकमेकींना भेटायला सत्तेचाळीस वर्षे जावी लागली. एका नोंदीवर जंतुशास्त्राचा शिक्का होता, दुसरीवर आनुवंशशास्त्राचा.

मूलपेशींची कथा याच काळात तिसऱ्याच दालनात घडत होती. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक यांनी उंदराच्या अस्थिमज्जेत रक्तपेशींच्या मूळ पेशी असल्याचे प्रयोगाने दाखवले. १९७८ मध्ये रे स्कोफील्ड यांनी पुढची कल्पना मांडली: मूलपेशी मूलपेशी राहते ती नुसत्या स्वतःच्या गुणाने राहत नाही, तिला धरून ठेवणारी एक विशिष्ट जागा शरीरात असते. आपण तिला कोनाडा म्हणू. ही कल्पना डोळ्यांनी पाहता येईल असा अवयव पुढे मिळाला तो फळमाशीचा अंडाशय. त्याच्या टोकाशी मोजक्याच मूलपेशी असतात. त्या विभागल्या की एक पेशी जागेवर राहते आणि दुसरी अंडे होण्याच्या मार्गाला लागते. २००० मध्ये टिंग शिये आणि स्प्रॅडलिंग यांनी दाखवले की एखादी मूलपेशी नाहीशी झाली, तर शेजारच्या मूलपेशीची संतती तिची रिकामी जागा भरते. म्हणजे जागा खरी होती आणि ती दाखवताही येत होती.

ही जागा ठाऊक झाल्यावरच वोल्बाकियाबद्दल एक नवा प्रश्न विचारता आला: तो अंडाशयात असतो हे १९२४ पासून माहीत आहे, पण अंडाशयात नेमका कुठे? फ्रिडमन आणि सहकाऱ्यांनी जीवाणू नसलेल्या माद्यांच्या पोटात वोल्बाकिया टोचला. अनेक ऊती ओलांडून तो अंड्याभोवतीचे आवरण घडवणाऱ्या मूलपेशींच्या कोनाड्यात जमला आणि तिथून अंड्यांच्या वंशात शिरला. जीवाणूच्या बाजूने पाहिले तर हे तर्काला धरून आहे. तो पुढच्या पिढीत जातो तो मुख्यतः आईच्या अंड्यातून. एकेका अंड्याच्या मागे धावण्यापेक्षा जिथून अंडी घडत राहतात ते ठिकाण गाठणे केव्हाही फायद्याचे. २०११ च्या निबंधात त्याहून पुढची गोष्ट होती. मॉरिशसच्या फळमाशीत, म्हणजे ड्रॉसोफिला मॉरिशियानात, वोल्बाकिया बीजमूलपेशींच्या, म्हणजे ज्यांच्यापासून अंडी घडतात त्या मूलपेशींच्या, कोनाड्यातही दाटीने राहतो. अशा माद्यांत मूलपेशींचे विभाजन वाढते, घडणाऱ्या अंड्यांतील पेशींचा मृत्यू घटतो आणि जीवाणूरहित माद्यांच्या मानाने अंडी सुमारे चौपट होतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की १९२४ ते २००६ ही दिरंगाई शास्त्रांच्या कप्प्यांमुळे झाली नसून साधनांच्या अभावामुळे झाली. त्यात तथ्य आहे. पेशींतील जीवाणू रंगवून त्रिमितीत पाहणारे सूक्ष्मदर्शक हर्टिग यांच्याकडे नव्हते. पण साधने आल्यावरही नजर आपोआप वळली नाही. फळमाशी हा मूलपेशींच्या अभ्यासाचा लाडका प्राणी, आणि प्रयोगशाळांमधल्या कितीतरी माश्यांच्या अंगात वोल्बाकिया आधीपासून वस्तीला होता. २००५ मध्ये झालेल्या तपासणीत अमेरिकेतील ब्लूमिंग्टनच्या संग्रहातील सुमारे ३० टक्के वाणांत तो सापडला. त्याआधी २००२ मध्ये स्टार आणि क्लाइन यांनी दाखवले होते की सेक्स-लीथल या जनुकातील काही बिघाडांमुळे वांझ ठरणारी माशी, वोल्बाकिया अंगात असेल तर अंडी घालू शकते. म्हणजे ज्याला जनुकाचा परिणाम समजायचे, त्यात जीवाणूचाही हात असू शकत होता. अंडाशय रोज भिंगाखाली असूनही ज्यांना पेशी पाहायच्या होत्या त्यांनी पेशीच पाहिल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एका बेटावरच्या माशीतील चौपट अंड्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का? काढू नये. २०१३ मध्ये याच गटाने निरनिराळ्या फळमाश्या तपासल्या, तेव्हा आवरणाच्या मूलपेशींच्या कोनाड्याकडे ओढ व्यापक दिसली, पण बीजमूलपेशींच्या कोनाड्यातील वस्ती मात्र वोल्बाकियाच्या वाणानुसार बदलत होती. चौपट हा आकडा सार्वत्रिक नियम नाही. पण माझा मुद्दा या आकड्यावर उभा नाही. जीवाणू आणि मूलपेशी यांचा संबंध अभ्यासण्याजोगा आहे की नाही, एवढाच तो आहे, आणि त्याला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळाला. फळमाशीच्या आतड्यातील मूलपेशी २००६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखल्या. माशीच्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले ब्रुनो लमेत्र यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की रोगकारक जीवाणू गिळल्यावर आतड्यातील मूलपेशी भराभर विभागतात. एरवीही नेहमीच्या जीवाणूंची वस्ती असेल तर आतड्याचे नूतनीकरण वेगाने होते. हे संशोधक जंतूंकडून मूलपेशींकडे आले, फ्रिडमन अंडाशयाच्या घडणीतून त्याच वाटेवर पोहोचले.

माशीचे माणसाला काय, हा तिसरा आक्षेप नेहमीचाच. हेलिकोबॅक्टर पायलोरी जठरातील ग्रंथींत खोलवर शिरून तिथल्या मूलपेशींना चेतवतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या जीवाणूचे जठराच्या कर्करोगाशी असलेले नाते पाहता ही लहान गोष्ट नाही. त्याआधी २०१३ मध्ये, कुष्ठरोगाचा जीवाणू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींना मूलपेशींसारख्या अवस्थेत नेऊ शकतो, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते. वोल्बाकियाचा उपयोग तर आता उघड आहे: इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे हा जीवाणू असलेले एडिस डास सोडल्यावर डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. असा उपाय टिकतो तो जीवाणू पिढ्यानपिढ्या अंड्यापर्यंत न चुकता पोहोचतो म्हणून. या कामात पुण्याचाही एक दुवा आहे. आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशीवाण तयार केले. हेतू विषाणू वाढवण्याचा होता. त्यांच्यातील अल्बोपिक्टस वाणापासून निघालेल्या सी६/३६ पेशी पुढे वोल्बाकिया जोपासण्यासाठीही वापरल्या गेल्या.

संशोधकाने एकाच विषयात खोल उतरावे, हा सल्ला चुकीचा नाही. मात्र खोली मोजायची ती प्रश्नाची, विभागाच्या पाटीची नव्हे. वोल्बाकियाच्या इतिहासात सत्तेचाळीस आणि ब्याऐंशी वर्षांचे जे दोन विलंब दिसतात, त्यांत आपापल्या विषयात खोल गेलेल्या माणसांची वाण नव्हती. दोन्हीकडचे वाचणारा माणूस नव्हता. आज फळमाशीच्या अंडाशयावर प्रयोग करणाऱ्याला आपल्या वाणात वोल्बाकिया आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे लागते. जीवाणू पाहायचे नसले तरी त्यांची दखल घेतल्याशिवाय मूलपेशींबद्दलचे विधान पक्के होत नाही, हे आता त्या शास्त्राच्या रोजच्या शिस्तीत आले आहे. आणि ती शिस्त ज्यांच्या याद्या विस्कळीत वाटतात अशाच लोकांच्या कामातून आली आहे.