शिळेवरची कबुली : सदोष महापुरुष, त्यांचे पुतळे आणि अशोकाचा तेरावा शिलालेख

पुतळा हे इतिहासाचे साधन आहे की सन्मानाचे, हे प्रथम निश्चित केल्याशिवाय सदोष महापुरुषांचे पुतळे ठेवावेत की काढावेत या वादाचा निर्णय लागणे शक्य नाही. गेल्या काही वर्षांत हा वाद अनेक देशांत उभा राहिला. ९ एप्रिल २०१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठाच्या आवारातून सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हलविण्यात आला. २०२० साली इंग्लंड व अमेरिकेत असे कित्येक पुतळे चबुतऱ्यावरून खाली आले. एका पक्षाचे म्हणणे असे की, पुतळा काढणे म्हणजे इतिहास पुसणे होय. शिवाय गतकाळातील माणसाला आजच्या मापाने मोजू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्याने माणसांना गुलाम केले त्याला भर चौकात मानाचे स्थान देणे हा त्या गुलामांच्या वंशजांचा नित्य अपमान आहे. या वादात उपयोगी पडेल असा एक पुरावा बौद्ध इतिहासात आहे. तो म्हणजे सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख. प्रस्तुत लेखात त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम इतिहास पुसला जाण्याच्या आक्षेपाकडे पाहू. मुंबईत राजपुत्र एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली उभारण्यात आला. हाच पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. १९६५ साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. राजा गेला, घोडा गेला. परंतु त्या परिसराचे 'काळा घोडा' हे नाव लोकांच्या तोंडी तसेच राहिले. मुंबईवर इंग्रजांचे राज्य होते, हे या स्थलांतरामुळे कोणीही विसरले नाही. इतिहास दप्तरांत, ताम्रपटांत, शिलालेखांत आणि लोकस्मृतीत राहतो. चबुतऱ्याचे काम निराळे आहे. चबुतरा एका माणसाला इतरांच्या डोक्यापेक्षा उंच उभा करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करावयास लावतो. म्हणून पुतळा हे मुख्यतः सन्मानाचे साधन आहे, आणि दिलेला सन्मान परत घेण्याचा अधिकार समाजाला असतो.

दुरुस्ती न सोसणारा पुतळा

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. एडवर्ड कोल्स्टन हा व्यापारी १७२१ साली मरण पावला. त्याचा पुतळा उभारला गेला तो १८९५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तब्बल १७४ वर्षांनी. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो सभासद होता व काही काळ तिचा उपप्रमुखही होता. त्याच्या सहभागाच्या काळात या कंपनीने सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून नेली आणि त्यांपैकी सुमारे १९,००० वाटेतच मेली, असा अंदाज आहे. या धनातून त्याने शाळा व गरिबांसाठीची आश्रयगृहे यांना देणग्या दिल्या. पुतळ्याखालच्या पाटीवर त्याची गणना शहराच्या अत्यंत सद्गुणी व सुज्ञ पुत्रांत केलेली होती. जहाजांतील माणसांविषयी तीवर एक अक्षर नव्हते.

पुतळा तसाच ठेवून पाटी दुरुस्त करावी, असा मध्यममार्गी प्रयत्न तेथे झाला. २०१८ च्या सुमारास नव्या पाटीचा मजकूर तयार झाला. परंतु शब्दाशब्दांवरून वाद झाले, मजकूर सौम्य करण्यात आला, आणि अखेर ती पाटी लागलीच नाही. त्यानंतर ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी दोर लावून पुतळा खाली ओढला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. काही दिवसांनी नगरपालिकेने तो बाहेर काढला. २०२१ साली तो शहराच्या संग्रहालयात अंगावरील रंगासह आडवा ठेवून लोकांना दाखविण्यात आला. या प्रकरणी खटला झालेल्या चौघांना जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरविले.

जमावाने पुतळा पाडणे इष्ट की अनिष्ट, याविषयी मतभेद होऊ शकतील. पण घटनांचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. सत्य सांगणाऱ्या चार ओळी ज्या चबुतऱ्याला सोसल्या नाहीत, त्या चबुतऱ्यावर अखेर पुतळाही राहिला नाही. उलट संग्रहालयात आडवा पडलेला कोल्स्टन १२५ वर्षांत सांगितला नव्हता एवढा इतिहास सांगू लागला.

अशोकाचा तेरावा शिलालेख

आता आपल्याकडे वळू. सम्राट अशोक हा आपला आदर्श राजा आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला धम्मदीक्षा घेतली. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा भारताची राजमुद्रा झाली व त्याचे धम्मचक्र राष्ट्रध्वजावर आले. अशा या राजाच्या हातून घडलेले सर्वांत मोठे पातक आपल्याला कोणी सांगितले? त्याच्या शत्रूंनी नव्हे. श्रीलंकेच्या 'दीपवंस', 'महावंस' या ग्रंथांत पूर्वीचा चंड अशोक येतो, भावांच्या हत्येच्या कथा येतात. परंतु कलिंगयुद्धाचा उल्लेख येत नाही. ते सांगितले खुद्द अशोकाने, आणि तेही दगडावर कोरून.

राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकले, त्यात दीड लाख माणसे पकडून नेण्यात आली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मरण पावली, असे तो तेराव्या लेखात नोंदवितो. एवढ्यावर तो थांबत नाही. जे स्वतः वाचले पण ज्यांचे आप्तइष्ट गेले, त्यांचे दुःखही तो मोजतो. त्या वेळी जेवढी माणसे मेली त्यांच्या शंभराव्या वा हजाराव्या हिश्श्याएवढी माणसे आज मेली तरी ते आपणास अतिशय दुःखद वाटेल, असे तो म्हणतो. विजयाची प्रशस्ती कोरण्याची राजांची रीत होती आणि पुढेही राहिली. स्वतःच्या विजयाचा पश्चात्ताप कोरणारा राजा विरळाच. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला नसता, तर ही कबुली आपल्याला वाचताही आली नसती.

तथापि अशोकाविषयी आदर बाळगूनही अभ्यासकाने लेख पूर्ण वाचला पाहिजे. याच लेखात अरण्यवासी जमातींना इशारा आहे : राजाला पश्चात्ताप झाला असला तरी दंड देण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी आहे. पुढे राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची आज्ञा आहे; म्हणजे देहान्ताची शिक्षा त्याच्या राज्यात चालूच होती. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, हा तेरावा लेख कलिंगात कोरलेलाच नाही. ओडिशातील धौली व जौगड येथे अकरा ते तेरा हे लेख गाळून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख घातले आहेत. त्यांत सर्व माणसे आपली लेकरे आहेत असे सांगून, कोणाला विनाकारण बंधन वा छळ होऊ नये अशी ताकीद अधिकाऱ्यांना दिली आहे. हे शब्द मोलाचे आहेत यात शंका नाही. पण अफगाणिस्तानातील कंदाहार येथे १९६३ साली सापडलेल्या ग्रीक भाषेतील शिलालेखात तेराव्या लेखाचा आरंभ आहे. कलिंगाच्या संहाराची कबुली कंदाहारच्या ग्रीकांना वाचावयास मिळाली. ज्यांची माणसे मेली त्या कलिंगवासीयांना त्यांच्या भूमीवरील शिळेत ती मिळाली नाही. जखम ताजी असताना ती पुन्हा उघडी करू नये असा राज्यकारभाराचा धोरणी विचार त्यामागे असावा, असे अनुमान करता येते. तरीही उणीव ती उणीवच.

मग अशोकाचे स्तंभ उतरवावयाचे काय? नाही, आणि त्याचे कारण तो आपला आहे हे नव्हे. कारण असे की, त्याच्या दोषाचे माप त्याच्याच शिळेवर उपलब्ध आहे. आपण वर जी टीका केली ती त्याने पुरविलेल्या साधनांनीच केली. ज्या स्मारकापुढे उभे राहून त्या माणसाचा दोष मोठ्याने वाचता येतो, ते स्मारक माणसाला आंधळे करीत नाही.

पवारणेची कसोटी

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणेचा विधी होतो. त्या वेळी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझा कोणता दोष पाहण्यात, ऐकण्यात वा संशयात आला असेल तर अनुकंपेने सांगावा. थेर असो वा नवदीक्षित, यातून कोणी सुटत नाही. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात तर स्वतः तथागत श्रावस्तीच्या पूर्वारामात संघापुढे बसून, आपल्या कायेच्या वा वाणीच्या कृतीत काही निंद्य आढळले काय, असे विचारतात. सम्यक सम्बुद्ध जेथे स्वतःला प्रश्नापुढे ठेवतात, तेथे इतर महापुरुषांना अपवाद कसा करता येईल?

या कसोटीवर काही पुतळे पाहता येतील. घानातील लेगोन येथील विद्यापीठात २०१६ साली गांधीजींचा पुतळा बसविण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्याच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांविषयी जे हीन लेखन केले, ते पुढे करून अध्यापक व विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलविण्यात आला. पुणे कराराची आठवण असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला या बातमीने समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विवेकाने पाहता मुद्दा वेगळा आहे. ज्यांचा अवमान झाला त्यांच्याच अंगणात, त्यांना न विचारता, तो सन्मान उभा करण्यात आला होता. धौलीला जे अशोकाने टाळले, तेच येथे घडले : कबुली जेथे सर्वाधिक आवश्यक, नेमकी तेथेच ती नव्हती.

राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर येथील आवारातील मनूचा पुतळा मात्र सदोष महापुरुषाच्या कोटीत बसत नाही. तो १९८९ साली बसविला गेला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या पूर्ण सभेने तो हलविण्याचा निर्णय घेतला. परंतु त्याविरुद्ध याचिका झाली आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. अशोकाच्या महत्तेतून कलिंग वजा केले तर बरेच उरते. मनूच्या नावावरील संहितेतून जन्माधिष्ठित विषमता वजा केली तर न्यायालयाच्या दारात उभे करण्याजोगे काय उरते? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर दिले गेले आहे.

याउलट भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे हे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारले. ती कंपनी निष्कलंक नव्हती. पण त्या दगडावर 'नाक' हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे भेट दिली, आणि ज्यांच्या शौर्याला समाजाने नाकारले होते त्यांच्या वंशजांनी त्या दगडाला आपला अर्थ दिला. उभारणारा सदोष म्हणून प्रत्येक दगड उखडावयाचा ठरविला, तर हा स्तंभही राहणार नाही. दगडावर कोणाची नावे आहेत आणि त्यापुढे कोण ताठ उभा राहतो, हेही पाहावे लागते.

आपले पुतळे

हा विचार आपल्या दारापाशी आणल्याशिवाय पुरा होत नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्याचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. ज्या समाजाने पुतळ्यासाठी माणसे गमावली, त्याला 'शेवटी तो दगडच' असे सांगणे हा क्रूरपणा ठरेल. वस्तीच्या तोंडाशी उभा असलेला तो पुतळा म्हणजे, ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती त्यांनी सार्वजनिक जागेवर सांगितलेला हक्क आहे. रात्रीच्या अंधारात चपलांचा हार घालणे आणि दिवसाच्या उजेडात, कारणे सांगून, चर्चा करून सन्मान परत घेणे, या दोन कृतींत माणसाला खाली ढकलणे आणि माणसाला वर उठविणे एवढे अंतर आहे.

परंतु बाबासाहेबांनी स्वतःला या कसोटीतून वगळले नव्हते. फिरोजशहा मेहता यांच्या स्मारकाची चर्चा चालू असताना १९१६ साली, अमेरिकेत विद्यार्थी असलेल्या त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र लिहून पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालय सुचविले होते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेचा धोका दाखविला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. ज्या पुतळ्याच्या हातात ग्रंथ आहे, त्याच्या पायाशी बसून त्याच्या विचारांची चिकित्सा करण्यास आपण कचरलो, तर पुतळा राहील आणि बाबासाहेब जातील.

तेव्हा निर्णय असा : ज्याच्या पायाशी त्याचा दोष कोरता येतो आणि तो कोरल्यावरही आदराला जागा उरते, तो पुतळा राहावा. ज्याला ती अक्षरे सोसत नाहीत, त्याची जागा संग्रहालयात आहे. आणि दोष कोणी सांगावा, हे ठरविताना पहिला अधिकार ज्यांनी तो दोष सोसला त्यांचा असावा. तेवीसशे वर्षांपूर्वी धौलीच्या खडकावर जी जागा रिकामी राहिली, तिने आपल्याला एवढे तरी शिकविले पाहिजे.