कॅन्सरची माहिती गावात कशी पोहोचते? बार्शीचा जुना प्रयोग आणि हातातला मोबाईल

2 फेब्रुवारी 2024 ला अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर एक पोस्ट आली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झाल्याचं त्यात लिहिलं होतं. दिवसभर बातमी फिरली, श्रद्धांजल्या वाहून झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच व्हिडिओ टाकला: आपण जिवंत आहोत, हे सगळं या आजाराबद्दल जागृती व्हावी म्हणून केलं. टीका भरपूर झाली. 1 फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वर्षांच्या मुलींना या कॅन्सरची लस देण्याला प्रोत्साहन देऊ, असं सरकारने जाहीर केलं होतं. त्या गदारोळात ते किती जणांच्या लक्षात राहिलं, हा वेगळा प्रश्न.

याच आजाराबद्दल गावोगावच्या बायकांशी बोलण्याचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1980 च्या दशकात सुरू झालं होतं. तेव्हा मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं, बऱ्याच गावांत साधा फोनही नव्हता. आज आरोग्याची माहिती मोबाईलवरून द्यायची म्हटलं की ॲप, रील आणि चॅटबॉट यांचीच चर्चा होते. रुग्णाला माहिती मिळाल्यावर पुढे काय होतं, याचं उत्तर मात्र बार्शीच्या कामात जास्त स्पष्ट सापडतं.

आधी मोजणी, मग गप्पा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने म्हणजे आयसीएमआरने कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा नोंदणी केंद्रं मुंबई, बंगळुरू, चेन्नई अशा मोठ्या शहरांत होती. खेड्यात कॅन्सर किती आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं आणि सुमारे चार लाख लोकसंख्या तिच्या कक्षेत होती. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने ही या कामामागची महत्त्वाची नावं.

शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. रुग्ण येतो, निदान होतं, फाइल तयार होते आणि नोंदणीचे कर्मचारी ती फाइल बघून माहिती उतरवून घेतात. खेड्यात ही पद्धत लागू पडणार नव्हती. तिथे रुग्ण रुग्णालयात यायचाच नाही. अंगावर काढायचा, देवऋषी करायचा किंवा निदान न होताच जायचा. फाइलच नाही तर नोंद कशाची करणार?

म्हणून बार्शीचे कर्मचारी गावात जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, दाई, गावातले डॉक्टर यांच्याशी ओळख करायची, बायकांना आणि पुरुषांना कॅन्सरची धोक्याची लक्षणं सांगायची आणि तसं काही दिसलं तर त्या माणसाला बार्शीला तपासणीसाठी घेऊन यायचं. तीच माणसं ठरावीक काळाने पुन्हा त्याच गावात जायची. मूळ हेतू नोंदी पूर्ण व्हाव्यात हा होता. पण काही वर्षांनी आकड्यांत वेगळीच गोष्ट दिसली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. 1995 मध्ये हा निष्कर्ष कॅन्सरविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

लवकर येण्याला या आजारात फार किंमत आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारणपणे दहा-पंधरा वर्षांचा किंवा त्याहूनही मोठा असतो. कॅन्सरपूर्व बदल सापडले तर छोट्या उपचाराने ते काढून टाकता येतात. पहिल्या टप्प्यातला कॅन्सरही बरा होण्याची शक्यता चांगली असते. पसरल्यावर ती झपाट्याने कमी होते. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि 75 हजारांहून अधिक स्त्रिया त्याने मरतात.

लक्षणं सांगणंही सोपं नव्हतं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, घाण वास येणारं पांढरं जाणं या गोष्टी घरातल्या घरात बोलायच्या. कधी कधी तिथेही नाही. ज्या शब्दांत बायका एकमेकींत बोलतात, त्याच शब्दांत विचारलं तर उत्तर मिळतं. ‘रजोनिवृत्तीपश्चात रक्तस्राव’ असं छापलेलं पत्रक वाचून कुणी दवाखान्यात जात नाही.

नुसतं सांगितल्याने काय होतं?

या ओळखीच्या जोरावर पुढचं काम बरंच मोठं झालं. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांवर एक अभ्यास झाला. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांच्या समूहांचे चार गट पाडले. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या होत्या: एचपीव्ही चाचणी, पॅप स्मिअर आणि ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथ्या गटातल्या स्त्रियांना नेहमीचीच सेवा होती. तपासणी कशी आणि कुठे करून घेता येईल, एवढी माहिती त्यांना दिली गेली.

2009 मध्ये निकाल जाहीर झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या गटात 34 स्त्रिया दगावल्या आणि तपासणी नसलेल्या गटात 64. दोन्ही गटांचा आकार जवळजवळ सारखा होता. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. एचपीव्ही चाचणीला जगभर जे महत्त्व आलं, त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

माहिती देण्याच्या दृष्टीने मात्र यातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. तपासणीच्या तिन्ही गटांत बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 80 टक्के तपासणीला आल्या. ग्रामीण भागात, लक्षण काही नसताना, तेही इतक्या खाजगी तपासणीला! त्यांच्याशी घरी जाऊन कुणीतरी बोललं होतं आणि तपासणी गावाजवळ ठेवलेली होती. याउलट, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया 2 टक्केही भरल्या नाहीत. तोवर देशात कोट्यवधी स्मार्टफोन आले होते आणि या कॅन्सरवरचे व्हिडिओ हवे तेवढे उपलब्ध होते.

मोबाईलवरून सांगण्याचे प्रयोग

म्हणजे मोबाईलचा उपयोग नाही, असं नाही. महाराष्ट्रातला सर्वांत माहितीचा प्रयोग गरोदर स्त्रियांसाठीचा आहे. अरमान या मुंबईच्या संस्थेने 2014 मध्ये ‘एममित्र’ ही सेवा सुरू केली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे या संस्थेच्या संस्थापक. नाव नोंदवलेल्या बाईला गरोदरपणाच्या त्या त्या महिन्यानुसार फोन येतो. आधी रेकॉर्ड केलेला छोटा निरोप तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळेला ऐकू येतो. इंटरनेट लागत नाही, वाचता यावं लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो.

केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही सेवाही याच पद्धतीची आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 फोन. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. मध्य प्रदेशात किलकारीची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा निकाल माफकच आला. गर्भनिरोधनाच्या तात्पुरत्या साधनांचा वापर थोडा वाढला, पण बाळाच्या आहारात म्हणावा तसा फरक दिसला नाही. बाळाला काय भरवायचं हे सासू, आजी आणि घरातला पैसा ठरवतो. फोनवरच्या आवाजाला तिथे फारसं मत नसतं.

एममित्रमध्ये आणखी एक अडचण पुढे आली. काही आठवड्यांनी बऱ्याच बायका फोन ऐकणं सोडून द्यायच्या. यावर अरमानने गुगलच्या संशोधकांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली तयार केली. कोण ऐकणं सोडण्याच्या बेतात आहे, याचा अंदाज ती बांधते. मग त्या यादीतल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या स्वतः फोन करतात. इतकं गणित करून यंत्राने शेवटी सांगितलं काय, तर ‘हिच्याशी माणसाने बोला’. बार्शीच्या कार्यकर्त्यांना यात नवल वाटलं नसतं.

फोन कुणाच्या हातात आहे?

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे 38 टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण 61 टक्क्यांच्या वर होतं. ही आकडेवारी 2019 मधली आहे आणि त्यानंतर फोन खूप वाढले. पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो दिवसभर कुणाच्या खिशात असतो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. अंगावरून जाण्याबद्दलचा मेसेज नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर आला, तर तो तिच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

सोलापुरात दुसरा प्रश्न भाषेचा. इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोजच्या बोलण्यात आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेकडच्या गावांत कन्नड घरोघरी. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर कुटुंबांत आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांत तेलुगू. ‘आम्ही मराठीतून माहिती दिली’ म्हणणाऱ्याचं काम इथे अर्धंच झालेलं असतं. त्यातही विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात दिवसभर गुंतलेले असतात. कान मोकळे असतात. तिच्यासाठी स्क्रीनपेक्षा आवाज उपयोगाचा, आणि तोही तेलुगूतून.

फॉरवर्डची दुसरी बाजू

ज्या वेगाने चांगली माहिती जाते, त्याच वेगाने अफवाही जाते, हे सोलापूर जिल्ह्याला फार कडू अनुभवातून माहीत आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज त्याआधी व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या अफवांच्या काळात, अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल केला.

आरोग्याच्या अफवांनी माणूस जमावाच्या हाती सापडत नाही. पण त्या तपासणी लांबवतात, उपचार सोडायला लावतात. एचपीव्ही लसीबद्दल अजूनही फिरणारा एक मेसेज म्हणजे ‘या लसीने भारतात मुली मेल्या’. त्याचं मूळ 2009-10 मधल्या आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात आहे. तिथे लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबला. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, मात्र पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली तिच्यावर गंभीर आक्षेप नोंदवले गेले. मेसेजमध्ये पहिला भाग असतो, चौकशीचा नसतो.

त्याच वेळी लसीचा दुसरा एक अभ्यास देशात अनेक ठिकाणी चालू होता, बार्शीतही. 2010 मध्ये सरकारने लस देणं थांबवल्यामुळे त्यातल्या हजारो मुलींना दोन किंवा तीनऐवजी एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनेही एचपीव्ही 16 आणि 18 या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास महत्त्वाचा होता. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

कायदा याबाबत अगदीच गप्प नाही. कॅन्सर, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला 1954 पासून बंदी आहे. ऑगस्ट 2023 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता सांगायला हवी, आणि तज्ज्ञ नसलेल्याने आपला सल्ला डॉक्टरच्या सल्ल्याची जागा घेत नाही हे स्पष्ट करायला हवं. व्हिडिओतला ‘डॉक्टर’ खरा आहे का, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव टाकून बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पडद्यावरचा डॉक्टर आणि दारातली आशा

ई-संजीवनी या सरकारी सेवेतून आता उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. रक्तदाब, मधुमेह, त्वचेच्या तक्रारी यांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. गर्भाशयमुखाची तपासणी मात्र व्हिडिओवर होत नाही. त्यासाठी बाईला तिथे जावंच लागतं. फोनवर मिळालेल्या माहितीच्या शेवटी ‘कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता’ हे नसेल, तर ती तिथेच संपते.

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात 30 वर्षांवरील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितलेली आहे. तिची पहिली पायरी म्हणजे आशाताईंनी घरी येऊन भरायचा ‘सी-बॅक’ हा फॉर्म. वय, तंबाखू, कमरेचा घेर यांच्या प्रश्नांनंतर त्यात स्त्रियांसाठी वेगळे प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यावर गेलं का, संबंधानंतर जातं का, घाण वासाचं पांढरं जातं का. बार्शीचे कर्मचारी 1987 नंतर 346 गावांत जी लक्षणं समजावत फिरले, त्यांतलीच ही. आता उत्तरं आशाताईंच्या मोबाईलमध्येही भरली जातात. प्रश्न विचारताना घरातली पुरुषमंडळी बाहेर गेलेली बरी, हे त्यांना फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागत नाही.